कोल्हापूरच्या पडद्यापासून ‘एक अनेक’पर्यंत : दूरदर्शनच्या पिढीचे कार्टूनपट आणि त्यामागचे मराठी हात

महाराष्ट्रात १९७० ते १९९० या दोन दशकांत जन्मलेल्या पिढीच्या स्मरणरंजनात कार्टूनपटांना जे स्थान आहे, ते त्या काळी प्रत्यक्ष दाखवल्या गेलेल्या कार्टूनपटांच्या संख्येच्या मानाने फारच मोठे आहे. जाळ्यासकट उडून जाणारे पक्षी दाखवणारा ‘एक अनेक और एकता’ हा सात मिनिटांचा लघुपट, रविवारी सकाळी लागणारी ‘द जंगल बुक’ ही जपानी मालिका आणि पुढे केबलच्या तारेवरून घरात आलेली हॅना-बार्बेरा या अमेरिकी स्टुडिओची पात्रे एवढ्या मोजक्या ऐवजावर लाखो मुलांचे बालपण पोसले गेले, आणि आज चाळिशी-पन्नाशीत असलेली ही पिढी त्यांची नावे निघताच हळवी होते. या हळवेपणाला इतिहास आहे. कोणता चित्रपट कोणत्या संस्थेने केला, त्याचा खर्च कोणी उचलला, तो कोणत्या यंत्रणेने कोणत्या गावापर्यंत आणि कोणत्या भाषेत पोहोचवला, यावरच कोणत्या आठवणी सर्वांच्या होतील आणि कोणत्या होणार नाहीत हे ठरत गेले.

हा इतिहास पाहण्यासाठी कोल्हापूर हे सोयीचे ठिकाण आहे, कारण त्याच्या दोन्ही टोकांना हे शहर भेटते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे चित्रपटाची जी कारागिरी रुजली, तिच्यात घडलेला एक संगीतकार पुढे दूरदर्शनच्या सर्वांत लाडक्या कार्टूनपटाला चाली देणार होता. आणि उत्तरार्धात हेच शहर दिल्लीहून येणाऱ्या प्रक्षेपणाच्या प्रेक्षकाच्या टोकाला उभे राहून तो कार्टूनपट हिंदीत पाहणार होते. मराठी माणसांचा निर्मितीतला ठळक वाटा आणि मराठी भाषेची पडद्यावरची अनुपस्थिती हा विरोधाभास या सगळ्या घटनाक्रमातून हळूहळू आकार घेत गेला.

चित्रकारांचा चित्रपट

ॲनिमेशन म्हणजे स्थिर चित्रे किंवा वस्तू किंचित बदल करत एकेक चौकट टिपून, त्या चौकटी वेगाने दाखवून गतीचा भास निर्माण करण्याचे तंत्र. भारतात या तंत्राची सुरुवात चित्रपटाच्या सुरुवातीबरोबरच झाली. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी धुंडिराज गोविंद फाळके यांनी कुंडीतल्या वाटाण्याचे अंकुरणे रोज थोडे थोडे टिपून पडद्यावर काही क्षणांत रोप वाढताना दाखवले, आणि १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात काड्यापेटीतल्या काड्यांना हलवून त्यांच्या आकृत्या घडवल्या. महायुद्धामुळे कच्च्या फिल्मची टंचाई असताना आणि मोठा चित्रपट काढणे अवघड असताना हा प्रयोग झाला.

कोल्हापुरात याच सुमारास निराळ्या वाटेने चित्रपट घडत होता. आनंदराव आणि बाबुराव हे पेंटर म्हणून ओळखले जाणारे मिस्त्री घराण्यातले बंधू संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवण्यासाठी प्रसिद्ध होते. पडद्यावर खोली, उजेड आणि अंतर यांचा भास कसा निर्माण करायचा हे त्यांना रंगभूमीने शिकवले होते, आणि चित्रपट पाहिल्यावर त्यांना सर्वांत मोठी अडचण दिसली ती यंत्राची. परदेशी कॅमेरा विकत घेण्याऐवजी तो स्वतः बनवण्याच्या खटाटोपात १९१६ मध्ये आनंदरावांचा मृत्यू झाला, पण बाबुरावांनी काम तडीस नेले. गायिका तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक मदतीने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ प्रदर्शित झाला. छत्रपती शाहू महाराजांच्या काळातल्या कोल्हापुरात कलावंताला मिळणारा आश्रय आणि शहरातली चित्रकारांची परंपरा यांमुळे येथे चित्रपटाकडे प्रथम चित्रकाराच्या नजरेने पाहिले गेले.

या कंपनीत तयार झालेले विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्या भांडवलाच्या साह्याने १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. मूकपटांपासून सुरुवात करून १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढल्यानंतर विस्ताराला कोल्हापूर अपुरे पडू लागले आणि १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली. तेथे १९३४ मध्ये प्रभातने ‘जंबू काका’ हा कार्टूनपट तयार केला, ज्याची चित्रे रघुनाथ केळकर यांनी हलती केली होती. एका कोल्ह्याला नायक करणारा हा छोटा चित्रपट म्हणजे एखाद्या मोठ्या मराठी चित्रसंस्थेने मुलांच्या या प्रकारात टाकलेले पहिले ठळक पाऊल होय. त्याच वर्षी कलकत्त्यात न्यू थिएटर्सने ‘द पी ब्रदर्स’ काढला आणि पुढल्या वर्षी बोडो गुत्श्वागर या जर्मन तंत्रज्ञाचा ‘लफंगा लंगूर’ आला. म्हणजे एकमेकांपासून दूर असलेल्या स्टुडिओंना एकाच वेळी कार्टूनचा मोह पडला होता. मिकी माउसची लोकप्रियता तेव्हा हिंदुस्थानातल्या चित्रगृहांपर्यंत पोहोचली होती, हे त्याचे उघड कारण.

न परवडणारी चित्रे

तरीही या पहिल्या लाटेतून एकही स्थिर कार्टून-स्टुडिओ उभा राहिला नाही. त्याचे कारण कल्पकतेच्या अभावात शोधण्यापेक्षा साध्या हिशेबात शोधावे लागते. बोलपटात सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात, आणि एक चित्र दोन चौकटींना पुरवले तरी सेकंदाला बारा, मिनिटाला सातशे वीस आणि सात मिनिटांच्या लघुपटाला पाच हजारांहून अधिक रेखाटने लागतात. ही रेखाटने पारदर्शक पातळ तावांवर, ज्यांना या व्यवसायात सेल म्हणतात, उतरवून मागून रंगवायची, रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवायची आणि वरून टांगलेल्या कॅमेऱ्याने एकेक करून टिपायची. एवढ्या श्रमांतून निघालेल्या लघुपटासाठी प्रेक्षक वेगळे तिकीट काढत नव्हता आणि चित्रगृहाचा मालक वेगळे भाडे देत नव्हता. उलट अमेरिकी कार्टूनपट आपला खर्च मायदेशातच वसूल करून आलेले असल्याने ते येथे स्वस्तात मिळत.

प्रभातसारख्या संस्थेला म्हणूनच आपले चित्रकार ‘संत तुकाराम’सारख्या मोठ्या चित्रपटांतील देखावे आणि चमत्कारदृश्ये यांवर खर्ची घालणे अधिक शहाणपणाचे वाटले असावे, आणि त्या शहाणपणाचे फळ १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवातील गौरवाच्या रूपाने मिळालेही. जी. के. गोखले यांनी १९३९ मध्ये ‘सुपरमॅन्स मिथ’ काढला, पण असे प्रयत्न सुटेच राहिले. स्वातंत्र्यापर्यंत कार्टूनपट ही भारतात एखाद्या हौशी, चिकाट माणसाची गोष्ट होती. तिला संस्थेचे रूप यायचे तर नफ्याचा विचार न करणारा आश्रयदाता हवा होता, आणि तो स्वतंत्र भारताच्या सरकारच्या रूपाने मिळाला.

सरकारी स्टुडिओ

फिल्म्स डिव्हिजन ही केंद्र सरकारची चित्रसंस्था १९४८ मध्ये मुंबईत सुरू झाली. अनुबोधपट आणि वार्तापट तयार करणे हे तिचे काम होते, आणि देशातल्या प्रत्येक चित्रगृहाने मुख्य चित्रपटाआधी हे लघुपट दाखवणे सक्तीचे होते. याच संस्थेत १९५६ मध्ये कार्टून विभाग उभारण्यात आला. त्याच्या प्रशिक्षणासाठी अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्य योजनेतून क्लेअर वीक्स हा डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेला चित्रकार मुंबईत आला. त्याचा जन्म भारतातल्या मिशनरी कुटुंबातला होता. त्याच्या मार्गदर्शनाखाली विभागाने जातककथेवर आधारलेला ‘द बनियन डीअर’ हा लघुपट १९५७ मध्ये पूर्ण केला. गाभण हरिणीच्या जागी स्वतःचा जीव देऊ करणाऱ्या हरिणांच्या राजाची ही गोष्ट सांगताना चित्रकारांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांची रेषा आणि डिस्नेची हालचाल यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला.

या विभागाने भारतीय ॲनिमेशनची पहिली पिढी घडवली. राम मोहन हे त्यातले सर्वांत परिचित नाव. १९६७ च्या सुमारास बाहेर पडून १९७२ मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली, ‘भुवन शोम’ आणि ‘शतरंज के खिलाडी’ या चित्रपटांतील चित्रमय भाग केले आणि पुढे युनिसेफसाठी ‘मीना’ या मुलीची पात्रमालिका घडवली. त्यांच्याबरोबरीने जी. के. गोखले आणि व्ही. जी. सामंत हे मराठी चित्रकार या विभागात होते. स्वतंत्र काम करणाऱ्या गोखल्यांना अखेर पगार, सामग्री आणि सहकारी या तिन्हींची हमी देणारी जागा सरकारी छपराखाली मिळाली, आणि सामंतांनी पुढे २००५ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘हनुमान’ या पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटाचे दिग्दर्शन केले. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या कुटुंबातले भीमसेन खुराना हेही याच विभागात पार्श्वभूमी रंगवता रंगवता ॲनिमेशन शिकले.

फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट हिंदी-इंग्रजीबरोबर प्रादेशिक भाषांतही तयार होत, हे येथे विशेष लक्षात ठेवायला हवे. कोल्हापूरच्या चित्रगृहात मुख्य चित्रपटाची वाट पाहणाऱ्या प्रेक्षकाला कुटुंबनियोजनावरचे, बचतीवरचे किंवा एकात्मतेवरचे हे लघुपट मराठी निवेदनासह भेटण्याची सोय या व्यवस्थेत होती. मात्र त्यांचा उद्देश उपदेशाचा असे, त्यांचा प्रेक्षक प्रौढ मानलेला असे आणि आठवडा पालटला की लघुपटही पालटे. आठवणीत रुतण्यासाठी लागणारी पुनरावृत्ती चित्रगृहात शक्य नव्हती.

‘एक अनेक’ची जुळणी

हा उपदेश लहान मुलांच्या उंचीवर आणण्याचे काम ज्या लघुपटाने केले, तो म्हणजे १९७४ चा ‘एक अनेक और एकता’. त्याच्या दिग्दर्शिका विजया मुळे यांचा जन्म १९२१ मध्ये मुंबईत झाला होता. पाटण्यात राहत असताना त्या चित्रपट सोसायटीच्या चळवळीत आल्या, पुढे त्या अशा सोसायट्यांच्या देशपातळीवरील फेडरेशनच्या उभारणीत सहभागी झाल्या आणि शिक्षण खात्यातल्या नोकरीमुळे त्यांचे लक्ष शैक्षणिक चित्रपटांकडे वळले. ‘भुवन शोम’ची नायिका सुहासिनी मुळे ही त्यांची कन्या. चित्रपटाची जाण असलेली शिक्षणतज्ज्ञ आणि फिल्म्स डिव्हिजनमध्ये हात तयार झालेला चित्रकार यांची गाठ या लघुपटात पडली, कारण त्याचे आरेखन आणि ॲनिमेशन भीमसेन यांनी केले.

श्रेयनामावलीतले तिसरे महत्त्वाचे नाव संगीतकार वसंत देसाई यांचे आहे, आणि तेथे कोल्हापूरचा धागा पुन्हा हाती लागतो. कुडाळजवळच्या सोनवडे येथे १९१२ मध्ये जन्मलेले देसाई प्रभात कंपनीत अगदी सुरुवातीच्या कोल्हापुरी दिवसांत दाखल झाले. मूकपटात छोटी भूमिका करणे, पडेल ते काम करणे आणि बोलपट आल्यावर गोविंदराव टेंब्यांसारख्या संगीतकारांच्या हाताखाली शिकणे अशी त्यांची उमेदवारी झाली. कंपनीत स्वतंत्र संगीत-विद्यालय नव्हते. नट, सुतार, रंगारी आणि गायक एकाच आवारात वावरत असल्याने दृश्याला चाल कशी चिकटते हे कानांबरोबर डोळ्यांनाही शिकावे लागे. शांताराम प्रभातमधून बाहेर पडल्यावर देसाई त्यांच्याबरोबर राजकमल या त्यांच्या नव्या चित्रसंस्थेत गेले आणि ‘शकुंतला’, ‘झनक झनक पायल बाजे’, ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटांचे संगीत त्यांनी केले. ‘दो आँखें बारह हाथ’ आणि पुढे ‘गुड्डी’ यांमधल्या त्यांच्या प्रार्थना शाळांच्या परिपाठात जाऊन बसल्या, आणि शाळकरी मुलांच्या मोठ्या समूहांकडून एका सुरात गाऊन घेण्याचे काम त्यांनी महाराष्ट्रात मोठ्या आस्थेने केले. मुलांच्या गळ्याला सहज पेलणारी चाल बांधण्यात त्यांच्या तोडीचे फार थोडे संगीतकार तेव्हा होते. म्हणून त्यांची निवड स्वाभाविक होती.

लघुपटाची रचना या सगळ्यांच्या अनुभवाची साक्ष देते. बागेत खेळणाऱ्या मुलांना एक मोठी मुलगी ‘एक’ आणि ‘अनेक’ यांतला फरक सूर्य, चंद्र आणि तारे दाखवून समजावते. मग पारध्याच्या जाळ्यात अडकलेल्या पक्ष्यांची, मुळात संस्कृत नीतिकथांमधली गोष्ट येते, ज्यात सगळे पक्षी एकदम बळ लावून जाळ्यासह उडतात आणि त्यांचे मित्र उंदीर ते जाळे कुरतडून टाकतात. आणि शेवटी विनयचंद्र मौद्गल्य यांचे देशाच्या एकतेचे गीत मुलांच्या आवाजात ऐकू येते. भीमसेन यांनी आकृत्या साध्या, बाह्यरेषा ठसठशीत आणि हालचाली मोजक्या ठेवल्या. कमी खर्चात बसणारी ही पद्धत छोट्या पडद्यालाही मानवणारी होती, कारण बारीक तपशील त्या काळच्या कृष्णधवल संचावर दिसलेच नसते. गाणाऱ्या बालआवाजांत साधना घाणेकर, म्हणजे पुढे साधना सरगम या नावाने प्रसिद्ध झालेल्या पार्श्वगायिका, यांचा आवाज होता. लघुपटाला उत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वसंत देसाई यांचे मात्र डिसेंबर १९७५ मध्ये मुंबईत अपघाती निधन झाले. ज्या यंत्रणेमुळे ही चाल घराघरांत पोहोचली, ती देशभर उभी राहण्यापूर्वीच.

सहक्षेपणाचे दिवस

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि वर्षभराने पुण्याला सहक्षेपण केंद्र आले, पण दक्षिण महाराष्ट्र या वर्तुळाबाहेरच होता. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम पोहोचवण्याचा ‘साइट’ हा प्रयोग झाला, तेव्हा कर्नाटकातले विजापूर त्यात होते, महाराष्ट्र नव्हता. कोल्हापूरसारख्या शहरांचे चित्र बदलले ते १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाल्यावर आणि ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी हा उपग्रह अवकाशात गेल्यावर. त्यानंतर देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांची माळ उभी राहिली. उपग्रहाकडून आलेले चित्र मोठ्या तबकडीने पकडायचे आणि साधारण शंभर वॅटच्या यंत्राने भोवतालच्या दहा-पंधरा किलोमीटरच्या परिसरात पसरवायचे, असे हे तंत्र होते. शहरातल्या घरांवर ॲल्युमिनियमचे ॲन्टेना उभे राहिले; करवीर-पन्हाळ्याच्या दूरच्या गावांत ते अधिक उंच बांबूवर चढले आणि जोडीला बूस्टर लागला.

या यंत्रणेचा एक परिणाम भाषिक होता. लघुशक्ती केंद्राकडे स्वतःचा स्टुडिओ नसे. उपग्रहावरून मुख्यतः दिल्लीचे प्रक्षेपण येई आणि तेच पुढे जाई. मुंबईच्या स्टुडिओत मराठी कार्यक्रम होत असताना दक्षिण महाराष्ट्रातल्या मुलांच्या दूरचित्रवाणी-बालपणाची पहिली भाषा म्हणून हिंदी पक्की झाली ती अशी. दुसरा परिणाम पुनरावृत्तीचा. वाहिनी एकच, कार्यक्रमांचा साठा मर्यादित आणि दोन कार्यक्रमांमधली फट भरण्यासाठी छोट्या लघुपटांची सतत गरज, यामुळे ‘एक अनेक’ वर्षानुवर्षे पुन:पुन्हा दाखवला गेला. चित्रगृहात एकदाच दिसून गेला असता असा लघुपट घरात इतक्या वेळा आला की त्यातला प्रत्येक संवाद मुलांना पाठ झाला. आज ज्याला स्मरणरंजन म्हणतात, त्याचा पाया एवढ्या साध्या प्रशासकीय गरजेवर घातला गेला होता.

मराठीत याला पर्याय उभा करण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. इन्सॅटच्या शैक्षणिक उपयोगासाठी केंद्राने सहा राज्यांत दूरचित्रवाणी-निर्मितीच्या संस्था काढल्या. त्यांपैकी महाराष्ट्राची राज्य शैक्षणिक तंत्रविज्ञान संस्था २७ जानेवारी १९८४ रोजी पुण्यात स्थापन झाली आणि ‘बालचित्रवाणी’ या नावाने घरोघर ओळखली गेली. शाळेच्या वेळात लागणारे तिचे कार्यक्रम गाणी, गोष्टी, बाहुल्या आणि चित्रे यांतून प्राथमिक शाळेतली मुले आणि शिक्षक यांच्यासाठी केलेले असत. एका विस्तृत प्रदेशातल्या मराठी मुलांशी मराठीत रोज बोलणारी ही दूरचित्रवाणीवरची पहिली मोठी यंत्रणा होती. परंतु तिचे काम अभ्यासक्रमाला बांधलेले होते, आणि पात्र निर्माण करून ते वर्षानुवर्षे जोपासणारा कार्टून-स्टुडिओ होण्याची मुभा किंवा तरतूद तिला कधी मिळाली नाही. केंद्राचा आर्थिक आधार सुटल्यावर ती रखडत गेली आणि २०१७ मध्ये शासनाने ती बंद केली.

वाहिन्यांचा पूर

दूरदर्शनवर भारतीय कार्टूनची उणीव परदेशी मालिकांनी भरून काढली. ऐंशीच्या दशकात ‘ही-मॅन’ आणि नव्वदीत डिस्नेच्या मालिका आल्या, पण सर्वांत खोल ठसा उमटवला तो १९९३ मध्ये लागलेल्या ‘द जंगल बुक’ने. रुडयार्ड किपलिंगची इंग्रजी पुस्तके, मध्य भारतातले जंगल, निप्पॉन ॲनिमेशन या जपानी स्टुडिओची १९८९ मधली बावन्न भागांची मालिका आणि त्यावर गुलजार यांचे शब्द व विशाल भारद्वाज यांचे संगीत असलेले हिंदी शीर्षकगीत, इतक्या प्रवासानंतर तिचा बालनायक मोगली कोल्हापूरच्या दिवाणखान्यात पोहोचला. त्यातल्या शेरखान या वाघाला आवाज दिला तो नाना पाटेकर यांनी. पुन्हा एकदा मराठी गळा आणि हिंदी भाषा हीच जोडी मुलांच्या कानांवर पडली.

१ मे १९९५ रोजी भारतात कार्टून नेटवर्क सुरू झाले आणि केबलचालकांच्या तारांवरून दिवसभर चालणारी पहिली कार्टूनवाहिनी घरात आली. तिच्याजवळ इतके कार्यक्रम कोठून आले, याचे उत्तर हॅना-बार्बेरा या स्टुडिओच्या इतिहासात आहे. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० पासून एमजीएम या चित्रसंस्थेसाठी ‘टॉम अँड जेरी’ केले. एमजीएमचा कार्टून विभाग बंद झाल्यावर १९५७ मध्ये त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला आणि मर्यादित ॲनिमेशनची पद्धत दूरचित्रवाणीसाठी पक्की केली. या पद्धतीत पात्राचे धड तेच ठेवून फक्त तोंड किंवा हात बदलतात, धावणाऱ्या पात्रामागून तीच ती पार्श्वभूमी सरकवतात आणि हालचालीची उणीव संवादांनी भरून काढतात. ‘द फ्लिंटस्टोन्स’ १९६० मध्ये, ‘स्कूबी डू’ १९६९ मध्ये असा शेकडो तासांचा साठा तयार झाला; १९९१ मध्ये टेड टर्नर यांनी तो विकत घेतला आणि पुढल्याच वर्षी त्याच्या बळावर अमेरिकेत ही वाहिनी काढली. म्हणूनच नव्वदीतल्या कोल्हापूरच्या मुलांनी आपले म्हणून जपलेले पुष्कळसे कार्टून त्यांच्या आईवडिलांच्या वयाचे होते. सुरुवातीला हे सगळे इंग्रजीत असे. दशकाच्या अखेरीस हिंदी आवाज आले आणि भाषेची अडचण नसलेल्या ‘टॉम अँड जेरी’बरोबर इतर मालिकाही लहान गावांत रुळल्या.

२००४ नंतर मुलांच्या वाहिन्या वाढल्या, हिंदीत बोलणारे डोरेमॉन आणि शिनचॅन जपानमधून आले, आणि मुलांच्या भाषेविषयीच्या, हट्टीपणाविषयीच्या पालकांच्या तक्रारी वृत्तपत्रांत उमटू लागल्या. २००८ मध्ये हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनचा ‘छोटा भीम’ पोगोवर आणि २०१२ मध्ये कॉसमॉस-माया या मुंबईच्या स्टुडिओचे ‘मोटू पतलू’ निकवर आले, तेव्हा भारतीय स्टुडिओला प्रथमच लांब पल्ल्याचे, बाजारात टिकणारे पात्र मिळाले. संगणकामुळे हजारो सेल रंगवण्याचा खर्च संपला होता आणि वाहिन्यांना रोज नवा भाग हवा होता. १९३४ मध्ये ‘जंबू काका’ला जे आर्थिक गणित नडले, ते आता उलटे फिरले होते.

हिशेबाचा ताळेबंद

या घडामोडींचे परिणाम तीन पातळ्यांवर मोजता येतात. पहिला परिणाम आठवणीच्या स्वरूपावर झाला. दूरदर्शनच्या काळात वाहिनी एक असल्याने जी आठवण कोल्हापुरातल्या वकिलाच्या मुलाची होती, तीच इचलकरंजीतल्या यंत्रमाग कामगाराच्या मुलीची होती, अर्थात दोघांच्या किंवा शेजाऱ्यांच्या घरी संच असेल तर. केबलनंतर वाहिनी, वर्गणी, शाळेचे माध्यम आणि जन्मसाल यांनुसार आठवणी फुटत गेल्या. डोरेमॉनची पिढी आणि छोटा भीमची पिढी यांच्यात दहा वर्षांचेही अंतर नाही, तरी त्यांचे संदर्भ वेगळे आहेत. ‘एक अनेक’विषयीच्या आजच्या जिव्हाळ्यात त्या लघुपटाच्या गुणांइतकाच त्या सामाईकपणाच्या लोपाचा वाटा आहे. टाळेबंदीत एप्रिल २०२० मध्ये दूरदर्शनने ‘द जंगल बुक’ पुन्हा दाखवला तेव्हा तो पाहणाऱ्यांत मुलांबरोबर त्यांचे पालकही होते, यात म्हणूनच नवल नव्हते.

दुसरा परिणाम संस्थांच्या नशिबी आला. नफ्याचा विचार न करता पहिली पिढी घडवणारी फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली आणि बालचित्रवाणी त्याआधीच संपली. सरकारी आश्रयाने कारागीर दिले, पण सातत्याने चालणारी पात्रे दिली नाहीत. बाजाराने पात्रे दिली, पण ती ज्या भाषेत सर्वाधिक ग्राहक मिळतात त्या भाषेत दिली.

तिसरा आणि मराठीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा परिणाम येथेच आहे. फाळके, केळकर, गोखले, सामंत, विजया मुळे, वसंत देसाई, साधना सरगम आणि नाना पाटेकर ही नावे ओळीने ठेवली तर या इतिहासातला मराठी वाटा नाकारता येत नाही, आणि तरीही एका संपूर्ण मराठी पिढीच्या कार्टूनविषयक स्मरणात मराठी वाक्य जवळजवळ नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ पासून वृत्तपत्राच्या पानावर लाखो घरांत पोहोचला, म्हणजे मराठी चित्रपात्राला वाचक मिळत होता. पण त्याला रोज पडद्यावर हलवणारा स्टुडिओ नव्हता. २०१८ मधला ‘प्रभो शिवाजी राजा’ हा ॲनिमेशनपट किंवा २०२१ मध्ये मराठीसह अनेक भाषांत सुरू झालेली ईटीव्ही बाल भारत ही वाहिनी हे अलीकडचे अपवाद आहेत, आणि दुसऱ्या अपवादातही मराठी ही भाषांतराची भाषा आहे.

कोल्हापूरने १९२९ मध्ये दाखवून दिले होते की चित्रकार, तंत्रज्ञ, संगीतकार आणि भांडवल एका आवारात आले तर लहान शहरातही देशाने दखल घ्यावी असा चित्रपट होऊ शकतो. कार्टूनपटाच्या बाबतीत मराठीत हे चार घटक एकाच छपराखाली फार काळ कधीच आले नाहीत. ते आले असते तर आज चाळिशी ओलांडलेल्या मराठी माणसाला आपल्या बालपणीचे पक्षी आपल्याच भाषेत बोलताना आठवले असते. आणि येत्या पिढीच्या बाबतीत तसे व्हायचे असेल, तर स्मरणरंजनाच्या उमाळ्यापेक्षा अशा आवाराची अधिक गरज आहे, एवढे हा इतिहास निश्चित सांगतो.